समाधान देणारं काम शोधताना मन थाऱ्यावर कसं ठेवायचं?

अधलीमधली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आधी थोडं माझ्याबद्दल. चाळिशी जवळ आलीय. एका विमा कंपनीत दावे तपासायच्या विभागात दशकभर काम केलं. फाईल यायची, कागद जुळतात का बघायचं, कुठलं कलम लागतं ते ठरवायचं, मंजूर, नामंजूर किंवा अपूर्ण असा शेरा मारायचा. पुढे आमचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना नारळ मिळाला. हिशेब चोख केला त्यांनी, त्याबद्दल तक्रार नाही. घरात दुसरा पगार चालू आहे, त्यामुळे वर्षभर तरी हातघाईवर यायची वेळ नाही. म्हणून ठरवलं, की या खेपेला समोर येईल ते धरायचं नाही. मनाला पटेल असंच काम शोधायचं.

इथपर्यंत ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तर सकाळी लॅपटॉप उघडते, जाहिराती चाळते, 'डायनॅमिक', 'पॅशनेट', 'सेल्फ स्टार्टर' हवेत असं वाचते आणि ही बाई काही मी नव्हे म्हणून टॅब बंद करते. कुठे अर्ज केलाच तर बहुतेकदा पलीकडून चकार शब्द येत नाही. सरळ नाही म्हणा ना! नकार पचवता येतो, शुकशुकाट पचत नाही. एका ठिकाणी दोन फेऱ्या मस्त झाल्या. तिसरीची तारीख कळवतो म्हणाले. आज बघते तर तीच जाहिरात पुन्हा झळकतेय.

आणि वरून प्रत्येक जण सांगतो, पॉझिटिव्ह राहा. नणंद सांगते, जुन्या मैत्रिणी सांगतात, फोनवर येणारी सुविचारांची चित्रं सांगतात. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झालीय. हसरा चेहरा ठेवायचे कष्ट शोधाच्या कष्टांपेक्षा जास्त होतात.

तर विचारायचंय हे: ज्यांनी असा काळ काढलाय त्यांनी मन जाग्यावर कसं ठेवलं? खोटं खोटं आनंदी राहण्याबद्दल विचारत नाहीये. आणि दुसरं, जे मला स्वतःलाही धड मांडता येत नाही, ते म्हणजे 'समाधान देणारं काम' ही मागणी रास्त आहे की हे नुसते पोट भरल्यावरचे चोचले?

---

आनंदयात्री

ताई, सगळं छान होणार! रोज सकाळी डोळे मिटून पाच मिनिटं आपण त्या नव्या खुर्चीत बसलोय असं मनापासून बघायचं. सहकारी आपलं कौतुक करताहेत, आपण हसतोय. जे बघाल तेच घडतं. शुभेच्छा!

---

अधलीमधली

@आनंदयात्री, शुभेच्छांबद्दल मनापासून आभार. खुर्ची बघायचा प्रयोग केलाय. खुर्ची दिसते, मग त्या खुर्चीत बसायला गेलेली तिसरीच कुणी दिसते. :-)

---

रात्रपाळी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो ज्याच्या त्याच्या खिशावर अवलंबून आहे. माझ्याकडे वर्षभराची गंगाजळी नव्हती. छपाईच्या यंत्रांची देखभाल करायचो. छापखाना बंद झाला आणि मी एका गोदामात रात्रीचा सुपरवायझर म्हणून लागलो. आवडीचं काम? अजिबात नाही. दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच.

पण त्यातून जे मिळालं त्याचा अंदाज आधी नव्हता. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडावं लागायचं. चार माणसं भेटायची, त्यातली दोन डोकं खाणारी. आणि डोकं खाणारी माणसं असणं ही सोय असते हो! घरी बसलेला माणूस फक्त स्वतःवर चिडत राहतो. तिथे मला चिडायला दुसरं काहीतरी होतं. दिवसा तीन-चार तास झोपायचो, मग दुपारी शांतपणे अर्ज लिहायचो. नोकरी लागलीच पाहिजे अशी मानेवर सुरी नसली की अर्जाची भाषासुद्धा बदलते, हे मी स्वतःच्याच जुन्या अर्जांशी ताडून पाहिलंय. आधीचे सगळे गयावया करणारे होते.

तेव्हा माझं मत असं: वर्षभर हातावर हात ठेवून 'योग्य' कामाची वाट बघू नका. आठवड्यातले काही तास बांधलेलं काहीही काम घ्या. पगाराचं नसलं तरी चालेल, पण कुणीतरी तुमची वाट बघत असलं पाहिजे असं.

---

तळटीप

@रात्रपाळी जे सांगतायत त्यावर फार जुना आणि फार सुंदर अभ्यास झालेला आहे. राहवत नाही म्हणून लिहितो.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं, सगळं एका कापड गिरणीवर चालणारं. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल ही त्रयी आणि त्यांचे सहकारी १९३१-३२ मध्ये तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते टिपत राहिले. वेळच वेळ असल्यावर माणसं काय करतील? वाचतील, असं कुणालाही वाटेल. उलट गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगसुद्धा मोजला. पुरुष सावकाश चालायचे, मध्येच थांबायचे. घड्याळ वापरणं बऱ्याच जणांनी सोडून दिलं होतं. बायकांच्या मागे घरकाम असल्याने त्यांचा दिवस तितका विस्कटला नव्हता.

याहोदा बाईंनी पुढे यावरून मांडणी केली, की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देत असते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्याहून मोठ्या कशात तरी वाटा, समाजातली ओळख आणि हातापायांना नेमाने काहीतरी उद्योग. नोकरी गेली की हे पाचही एकदम जातात, आणि आपण मात्र समजतो की आपलं मनच कमकुवत निघालं.

तेव्हा @अधलीमधली, तुम्हाला जे होतंय ते जगावेगळं नाही. पॉल आणि मोझर या जर्मन संशोधकांनी २००९ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले. नोकरीत असलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांना मानसिक त्रास जाणवत होता, बेकारांमध्ये ३४ टक्के. सुविचारांच्या चित्रांनी हा फरक भरून निघत नाही.

जाता जाता @आनंदयात्री यांच्यासाठी, राग मानू नका. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच तपासलंय. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांपैकी जे नव्या नोकरीची गोड स्वप्नं जास्त रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना दोन वर्षांनी नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी मिळत होता. 'मला जमेल' असा अनुभवावर आधारलेला अंदाज असणाऱ्यांचं मात्र उलट झालं. म्हणजे आशा वाईट नाही. नुसतं चित्र रंगवून मन आधीच तृप्त झालं, की पाय उचलत नाहीत. त्यांचा उपाय असा, की चित्र रंगवल्यावर लगेच 'आड काय येतंय' तेही तितक्याच बारकाईने बघायचं आणि ते आडवं आलं की मी काय करणार हे आधीच ठरवून ठेवायचं.

---

आनंदयात्री

राग नाही हो. पण मी अर्जही करायचो, नुसता डोळे मिटून बसलो नव्हतो. :-)

---

टेबलापलीकडची

मी अनेक वर्षं अर्ज वाचणाऱ्या बाजूला बसले आहे. लहान कंपन्या, मोठ्या कंपन्या, एक धर्मादाय संस्था. आता बाहेर पडलेय, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

आधी त्या शुकशुकाटाबद्दल. अधलीमधली, तुम्हाला वाटतं की पलीकडे कुणीतरी तुमचा अर्ज उघडला, वाचला, नाक मुरडलं आणि बाजूला टाकला. असं घडतं तेव्हा निदान तुम्हाला कुणी वाचलेलं तरी असतं! बऱ्याचदा घडतं ते यापेक्षा कितीतरी रटाळ असतं. जागा भरायची मंजुरी वरच्या मजल्यावर अडकते. ज्यांना माणूस हवा होता ते साहेबच दुसरीकडे जातात आणि नव्या साहेबांना ती जागाच नको असते. आतलाच माणूस आधीपासून ठरलेला असतो आणि जाहिरात नियमाला धरून दिलेली असते. मंजुरी अडकल्यावर उमेदवारांना कळवायचं कुणी, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. हा उद्धटपणाच आहे, मी त्याची बाजू घेत नाही. पण त्याचा अर्थ 'तुम्ही नालायक' असा लावू नका. त्या शुकशुकाटात तुमच्याबद्दलची माहिती जवळजवळ शून्य असते.

पुन्हा झळकलेली जाहिरात: बऱ्याच ठिकाणी जागा कागदोपत्री 'बंद' होईपर्यंत मुदत संपलेली जाहिरात आपोआप पुन्हा चढते. कुणी बसून मुद्दाम चढवलेली असेलच असं नाही. दोन फेऱ्या झाल्यात ना? मग सरळ मेल टाका. 'तिसऱ्या फेरीबद्दल बोलणं झालं होतं, सध्या काय स्थिती आहे?' एवढंच. विचारल्यामुळे कुणाची जागा गेलेली मी तरी पाहिली नाही.

आता तुमच्या धाग्याबद्दल. मला सवय आहे म्हणून तो अर्जासारखा वाचला. जाहिरातींचा वैताग आहे, नणंद आहे, सुविचार आहेत. कामाबद्दल एकच वाक्य आहे, 'फाईल यायची, शेरा मारायचा'. दशकभर केलेल्या कामाबद्दल एवढंच? त्यातलं तुम्हाला काय आवडायचं याचा एक शब्द नाही. समाधान देणारं काम शोधताय, पण कशाने समाधान मिळतं ते सांगत नाही. मग जाहिरातीतल्या 'पॅशनेट'शी तुम्ही स्वतःला जुळवणार तरी कशाच्या जोरावर?

म्हणून एक विचारते. त्या ऑफिसात घड्याळाकडे लक्ष जायचं नाही असा एखादा तास सांगा. अख्खी नोकरी नको, एखादाच तास. आणि तेव्हा हाताने, तोंडाने, डोक्याने नक्की काय करत होतात ते क्रियापदांत सांगा.

---

अधलीमधली

@रात्रपाळी, @तळटीप, खूप आभार. मारिएनथालचं वाचून विचित्र बरं वाटलं. माझाही चालायचा वेग कमी झालाय असं मुलगा परवाच म्हणाला.

@टेबलापलीकडची, तुमचा प्रतिसाद आला तेव्हा आधी राग आला. नंतर बसून विचार केला. एक तास सांगते.

एक फाईल होती, सारखी 'अपूर्ण' म्हणून परत जाणारी. नवरा गेलेल्या बाईंचा दावा. पॉलिसीवर नवऱ्याचं नाव एका पद्धतीने लिहिलेलं, मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या पद्धतीने, मधल्या नावाचं एक अक्षर वेगळं. आमची यंत्रणा छापील पत्र पाठवायची: 'नावातील तफावतीबाबत योग्य तो पुरावा सादर करावा.' त्या बाई दर वेळी तोच दाखला पुन्हा पाठवायच्या. त्यांच्या दृष्टीने तोच पुरावा होता. बरोबरच आहे! पत्रात 'योग्य तो' म्हणजे काय ते कुठे लिहिलं होतं?

मी फोन केला. फोन करणं माझ्या कामात बसत नव्हतं खरं तर. म्हटलं, एक कोरा कागद घ्या, सांगते ते लिहून घ्या. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र करायचंय, त्यात ही एक ओळ जशीच्या तशी पाहिजे. त्यांनी लिहून घेतली, मला वाचून दाखवली. मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. आणि म्हणाल्या, 'एवढंच होतं?'

तो 'एवढंच होतं?' मला अजून ऐकू येतो. पुढे अडकलेल्या फाईली मीच मागून घ्यायला लागले. वरिष्ठ वैतागायचे, कारण माझ्या फाईलींची संख्या भरायची नाही.

क्रियापदं म्हणाल तर: कागद वाचणे, कुठे अडलंय ते हुडकणे, ते साध्या भाषेत सांगणे. आणि हो, ऐकणे. आता यातून नोकरीचं नाव काय निघतं, ते मात्र मला ठाऊक नाही.

---

टेबलापलीकडची

आता कसं! हे तुमच्या अर्जात आहे का? नसणारच. तिथे 'दावे प्रक्रियेचा दहा वर्षांहून अधिक अनुभव' असंच लिहिलं असणार.

तुमच्या या चार क्रियापदांवर चालणारी कामं भरपूर आहेत, फक्त ती 'विमा' या शब्दाखाली सापडत नाहीत. रुग्णालयात बिलं आणि मंजुरीचे कागद यांत अडकलेल्या रुग्णांना मदत करणारे कक्ष असतात. ग्राहक तक्रार निवारणाचे विभाग असतात. पेन्शनचे, भरपाईचे अर्ज लोकांना भरून देणाऱ्या संस्था, मोफत कायदेशीर मदत देणारी केंद्रं. आणि एक काम लोकांना माहीतच नसतं: कंपन्यांची ती 'योग्य तो पुरावा सादर करावा' छापाची पत्रं माणसाला कळतील अशी पुन्हा लिहिणारे लोक. ते पगारी काम आहे, त्यासाठी अख्खी खाती असतात.

तुमच्या 'चोचले' वाल्या शंकेचं उत्तरही यातच आहे. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांबद्दल २००१ मध्ये लिहिलं होतं. काम तेच, हुद्दा तोच. पण काही जण नेमून दिलेलं तेवढं उरकून मोकळे व्हायचे. काही मात्र रुग्णांशी बोलायचे, आलेल्या नातेवाइकांना वाट दाखवायचे, आपण रुग्ण बरा करण्याच्या कामातच आहोत असं मानायचे. त्यांनी वरून न सांगता आपल्या कामाच्या कडा थोड्या सरकवल्या होत्या. तुम्ही तो फोन केलात तेव्हा दुसरं काय केलंत? म्हणजे ज्याला तुम्ही चोचले म्हणताय ते तुम्ही नोकरीत असताना, वरिष्ठांची बोलणी खाऊन, करतच होतात. मागणी रास्तच आहे. फक्त ती हुद्द्याकडे करू नका, दिवसभरात काय करायला मिळतं त्याकडे करा.

आता मन जाग्यावर ठेवण्याचं. मी त्याला मनाचा प्रश्न समजत नाही. (तळटीप साहेबांनी सांगितलेली पाच कलमं आठवा.) दिवसाचं यश तुम्ही सध्या कशावर मोजताय? मेल आला की नाही यावर. तो तुमच्या हातात नाही, त्यामुळे चांगल्या कामाचा दिवससुद्धा वाया गेला असंच वाटणार. जे तुमच्या हातात आहे ते मोजा. आज कुणाशी बोलले, कुठल्या कामाबद्दल नवीन काय कळलं, अर्जातला कुठला परिच्छेद सुधारला. आणि शोधाला वेळ बांधून द्या. दुपारी अमुक वाजता लॅपटॉप मिटला की मिटला. दिवसभर अर्धवट शोधणं आणि अर्धवट चिंता करणं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.

जाहिरातींवरचा भर कमी करा आणि माणसांकडे वळा. नातेवाईक आणि जिवलग मैत्रिणींकडे नको, त्यांना जे माहीत आहे ते तुम्हालाही आधीच माहीत असतं. ओळखीचे पण रोजच्या संबंधातले नसलेले लोक गाठा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या लोकांशी तो बोलला, त्यांच्यातल्या जेमतेम १७ टक्के लोकांचं त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेटणं होतं. बाकीच्यांना ती वाट क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांनीच दाखवली होती. आणि त्यांना नोकरी मागू नका. वीस मिनिटं मागा, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. नोकरी मागितली की माणूस आखडतो, कामाबद्दल विचारलं की थांबता थांबत नाही.

शेवटचं: नकार येणार, हे आधीच धरून चाला, पण नुसतं 'येणार' म्हणून सोडू नका. मिशिगन विद्यापीठात ऐंशीच्या दशकापासून नोकरी शोधणाऱ्यांसाठी एक कार्यक्रम चालवला आणि तपासला गेला. त्यात शोधाची कौशल्यं तर शिकवायचेच, शिवाय 'धक्का बसेल तेव्हा काय करायचं' याची उजळणी आधीच करून घ्यायचे. त्या गटातल्या लोकांना काम मिळण्याचं प्रमाणही वाढलं आणि नैराश्यही कमी झालं. तुमची यादी तुम्ही करा. माझ्या ओळखीतली एक जण नकाराचा मेल आला की त्या दिवशी काहीही नवं पाठवायची नाही, फक्त आधीच्या लोकांना आभाराचे मेल लिहायची. चिडलेल्या मनाने लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला कळतो, यावर तर मी सही करून देईन.

---

रात्रपाळी

पटलं, पण एक हरकत नोंदवतो. वीस मिनिटं मागायची हिंमत ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याच्यात कमी असते. 'त्यांचा दिवस कसा जातो' हे विचारायला आपला दिवस जरा तरी बरा असावा लागतो. हा सल्ला वर्षभराचा आधार असलेल्यांना चालतो, बाकीच्यांनी आधी गोदाम गाठावं.

---

टेबलापलीकडची

हरकत मान्य. गोदामातल्या माणसालाही ओळखी असतात मात्र.

---

खडू

मी उलट बाजूने लिहिते, कारण माझ्याकडे ते 'समाधान देणारं काम' आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवते. काम जीव ओतून करावं असंच आहे आणि मी ते सोडणार नाही.

पण अधलीमधली, मुलाखतीत डोळे उघडे ठेवा. ज्या कामाला 'हे नुसतं काम नाही, सेवा आहे' असं म्हणतात, तिथे सुट्टीच्या दिवशी फोन येतो, दुसऱ्याचं काम आपल्या टेबलावर येतं आणि पगाराचा विषय काढला की समोरच्याला आपण हिशेबी वाटतो. बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास केला होता. 'याचसाठी माझा जन्म' असं ज्यांना वाटायचं त्यांना आपलं काम जास्त महत्त्वाचं वाटत होतं, आणि तेच लोक पगार, वेळ, आराम यांवर पाणी सोडायला जास्त तयार होते. व्यवस्थापनाकडून आपला फायदा घेतला जाईल ही टोचणीही त्यांनाच होती.

म्हणून विचारायचं: कामाची वेळ किती, जागा रिकामी का झाली, आधीची व्यक्ती किती काळ टिकली. उत्तर देताना समोरचा सेवाभावावर घसरला तर समजून जा.

---

तळटीप

@खडू, फार मोलाचं. अधलीमधली, तुमच्या रागाबद्दल एक. स्पेरा, बुरफाइंड आणि पेनेबेकर यांचा १९९४ चा प्रयोग आहे. कामावरून काढलेल्या ६३ जणांपैकी, बहुतेक अभियंते, काहींना सलग पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दल जे जे मनात येतं ते लिहायला सांगितलं. काहींना नुसतं दिवसाचं नियोजन लिहायला सांगितलं, तर काहींना काहीच लिहायला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यांत पहिल्या गटातल्या जास्त लोकांना नोकऱ्या मिळाल्या. गंमत म्हणजे त्यांनी अर्ज काही इतरांपेक्षा जास्त केले नव्हते. कडवटपणा कागदावर उतरल्याने तो मुलाखतीत डोकावला नसावा, असा एक तर्क आहे. कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. प्रयोग लहान आहे, पण लिहायला काही लागत नाही.

---

अधलीमधली

काय बोलू! एवढं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी.

तिसऱ्या फेरीबद्दल मेल टाकला. उत्तर आलं: जागा 'तूर्तास स्थगित'. म्हणजे टेबलापलीकडची म्हणाल्या तेच. अपेक्षेपेक्षा कमी लागलं.

रात्रपाळींचं ऐकून एका मदत केंद्रात आठवड्यातून दोन दुपारी अर्ज भरून द्यायला जायचं ठरवलंय, बिनपगारी. खडू, तुमचे प्रश्न तिथेही विचारले. 'आधीची व्यक्ती किती काळ टिकली' यावर समोरच्या बाई खळखळून हसल्या, मग म्हणाल्या, 'मीच ती.'

आणि हा मेसेज. जुन्या ऑफिसात माझ्याबरोबर काही महिने होता असा एक जण आता एका रुग्णालयाच्या मदत कक्षात आहे, कित्येक वर्षांत बोलणं नाही. बघता का जरा?

'सप्रेम नमस्कार. आपण मला ओळखले असेल अशी आशा आहे. आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व. सध्या मी नवीन संधीच्या शोधात असून आपल्याकडे माझ्या अनुभवास योग्य अशी एखादी जागा असल्यास कृपया कळवावे. आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.'

---

टेबलापलीकडची

बाई गं, हे तर तुम्ही 'योग्य तो पुरावा सादर करावा' वालं पत्र लिहिलंत!

क्षमा काढा. जागा काढा. 'सकारात्मक प्रतिसाद' तर आधी काढा. आणि त्या बाईंशी फोनवर बोललात तसं लिहा. असं काहीतरी:

'नमस्कार, मी दावे विभागातली, तुझ्या समोरच्या टेबलावर बसायचे. अडकलेल्या फाईली मागून घेणारी म्हटलं तर आठवेन. तू मदत कक्षात आहेस असं कळलं. तिथे दिवसभर नक्की काय काम असतं, लोक कुठे अडकतात, हे तुझ्याकडून समजून घ्यायचंय. या आठवड्यात किंवा पुढच्या, वीस मिनिटं फोनवर जमेल का? तुझ्या सोयीने.'

समोरच्या टेबलाचं मी ठोकून दिलंय, खरं असेल ते घाला. दिवसाच्या सुरुवातीला पाठवा, आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी नको, तेव्हा आलेलं सगळं खाली जातं. उत्तर नाही आलं तर आठवडाभराने एकदाच आठवण करा, मग पुढचं नाव.

---

अधलीमधली

समोरचं नव्हतं, खिडकीजवळचं होतं. बदलून पाठवला.